चेंडू तोंडात घेऊन आला म्हणजे जखम भरली असं नाही

कुत्र्याचं निर्बीजीकरण झालं की दवाखान्यातून निघताना हातात एक कागद येतो. दहा ते चौदा दिवस धावणं नाही, उड्या नाहीत, जिने नाहीत, अंघोळ नाही आणि जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घातलेली कोनासारखी कॉलर काढायची नाही, असं साधारण त्यावर लिहिलेलं असतं. पहिल्या संध्याकाळी हे सगळं पटतं, कारण कुत्रा मलूल पडलेला असतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तोच कुत्रा शेपूट हलवत दारापाशी उभा असतो, भांडं चाटून लख्ख करतो आणि चेंडू तोंडात घेऊन येतो. मग घरात कुणीतरी म्हणतंच, ‘हा तर ठणठणीत आहे, डॉक्टरांनी जरा जास्तच सांगितलं.’

ऑपरेशननंतरचे बरेचसे घोटाळे याच वाक्यापासून सुरू होतात. बरं वाटणं वेगळं आणि जखम भरणं वेगळं. पहिल्याला दोन-तीन दिवस पुरतात, दुसऱ्याला आठवडे लागतात. मधल्या काळात कुत्र्याला आपल्या पोटावर टाके आहेत हे ठाऊकच नसतं, त्यामुळे त्याच्या वतीने ते आपल्याला लक्षात ठेवावं लागतं.

छेद एक, शिवणी तीन

निर्बीजीकरण म्हणजे पिल्लं होऊ नयेत म्हणून प्रजननाचे अवयव काढणं. नराची दोन्ही वृषणं काढतात. त्यासाठी बहुतेक वेळा वृषणांच्या पिशवीच्या जरा पुढे एक लहान छेद पुरतो, आणि पिशवी रिकामी करून तशीच ठेवतात. वृषण पोटातच राहून गेलेलं असेल तरच पोट उघडावं लागतं. मादीची गोष्ट निराळी. तिचे अंडाशय आणि बहुधा त्यांच्यासोबत गर्भाशयही काढायचं असल्यामुळे पोटाच्या आतच जावं लागतं. नेहमीचा छेद नाभीच्या खाली मध्यरेषेवर असतो, काही डॉक्टर कुशीतून जातात, तर काही दुर्बिणीने करतात.

पोट शिवताना तीन थर वेगवेगळे शिवले जातात. सगळ्यात आत, पोटाच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंना मधोमध जोडणारी एक पांढरी चिवट पट्टी असते. तिच्यावर त्वचेखालची चरबी आणि वर त्वचा. पोटातलं सगळं जागच्या जागी धरून ठेवण्याचं काम त्या आतल्या पट्टीचं आहे. आपल्याला मात्र फक्त वरची त्वचा दिसते. अस्तर लावलेल्या कोटाची बाहेरची शिवण सुबक दिसत असतानाही आतलं अस्तर उसवलेलं असू शकतं, तसंच हे.

जखम भरण्याचं काम टप्प्याटप्प्याने चालतं. पहिले चार-पाच दिवस शरीर साफसफाई करत असतं. रक्त गोठतं, मेलेल्या पेशी उचलल्या जातात, जंतूंचा बंदोबस्त होतो. थोडी लाली आणि थोडी सूज ही त्याच कामाची खूण आहे. त्यानंतर नवे धागे विणायला सुरुवात होते. हे धागे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असतात, आणि शरीरातल्या बहुतेक चिवट गोष्टी त्याच्याच बनलेल्या आहेत. पुढचे कित्येक महिने हे विणकाम उसवून पुन्हा घट्ट विणलं जातं. पाठ्यपुस्तकांत त्वचेच्या ताकदीचे जे ढोबळ आकडे दिलेले असतात ते पाहिले की चौदा दिवसांचा अर्थ कळतो. आठवड्याने मूळ ताकदीच्या जेमतेम 3 टक्के, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी 20 ते 30 टक्के, तीन महिन्यांनी सुमारे 80 टक्के. व्रण पूर्ण शंभरावर कधीच पोचत नाही.

नवा स्लॅब ओतल्यावर दुसऱ्या दिवशी त्यावरून माणूस चालू शकतो, तरी खालचे टेकू कुणी काढत नाही. वरून वाळलेलं दिसणं आणि वजन पेलणं यात किती अंतर आहे हे गवंड्याला ठाऊक असतं. टाके हे आपल्या कुत्र्याच्या पोटाचे टेकू आहेत. पहिल्या आठवड्यात जखम जवळजवळ निव्वळ दोऱ्यावर उभी असते. कुत्रा सोफ्यावरून उडी मारतो तेव्हा पोटाचे सगळे स्नायू एकदम आवळतात आणि ती सारी ओढ त्या दोऱ्यावर येते. दोरा तुटला नाही, तरी ज्या मऊ, सुजलेल्या भागातून तो ओवलेला आहे तो भाग फाटू शकतो.

मग चौदाव्या दिवशी टाके काढून कसं चालतं, असं कुणीही विचारेल. काढतात ते वरचे, त्वचेचे टाके. आतल्या थरांचा दोरा विरघळणारा असतो आणि तो कित्येक आठवडे, काही प्रकारचे दोरे तर महिनोन्महिने, आपलं काम करत राहतात. म्हणून पंधराव्या दिवसापासून फिरणं हळूहळू वाढवायचं, त्याच दिवशी मैदानात मोकळं सोडायचं नाही.

पहिली रात्र

घरी आणलेला कुत्रा भुलीच्या अमलाखाली असतो. पाय लटपटतात, डोळे अर्धवट मिटतात, कधी तो उगाचच कण्हत राहतो. हे कण्हणं दर वेळी दुखण्याचं नसतं, भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांच्या गोंधळातूनही ते येतं. शांत, अंधूक उजेडाची खोली द्या आणि जमिनीवरच अंथरूण घाला. पलंगावर किंवा सोफ्यावर ठेवू नका, झोक जाऊन पडेल. भुलीमुळे अंगाची ऊब राखण्याची क्षमता कमी झालेली असते, म्हणून पांघरूण घाला. पण गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नका. गुंगीतला कुत्रा चटका बसला तरी बाजूला सरकत नाही.

पाणी थोडं थोडं द्या. पूर्ण शुद्धीवर आला, मान धरून नीट बसू लागला की नेहमीच्या निम्म्याहून कमी जेवण द्यावं. एखादी उलटी झाली तर घाबरू नका, पण पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांना फोन करा. एक-दोन दिवस कोरडा खोकला येऊ शकतो, कारण ऑपरेशनच्या वेळी श्वासनलिकेत नळी घातलेली असते. दोन-तीन दिवस शी झाली नाही तरीही बहुधा काळजीचं कारण नसतं. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेलं असतं, त्यामुळे पोटात फारसं काही नसतंच.

लहान मुलं आणि घरातली इतर जनावरं त्या रात्री दूर ठेवा. गुंगीतला प्रेमळ कुत्राही दचकून चावू शकतो.

गळ्यातला कोन: एवढा छळ कशाला?

सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच. कोन घातला की कुत्रा भिंतींना धडकतो, खाली मान घालून उभा राहतो, केविलवाणं बघतो. जीव तुटतो, आणि आपण म्हणतो, ‘समोर बसलोय ना, जरा वेळ काढू.’ फोन वाजतो, दारावर कुणी येतं, पाच मिनिटं जातात. कुत्रा जखम नुसती चाटत नाही, पुढच्या बारीक दातांनी गाठी कुरतडतो. टाके उसवायला त्याला ती पाच मिनिटं पुष्कळ होतात.

कुत्र्याची लाळ हेच औषध असतं, असंही ऐकू येतं. यात सत्याचा अंश आहे. लाळेत काही जिवाणूंना रोखणारे घटक सापडलेले आहेत. पण त्याच तोंडात इतर असंख्य जिवाणू नांदत असतात, आणि चाटण्याने जखम सतत ओली राहते, जिभेच्या घर्षणाने नवी, कोवळी त्वचा निघून येते. जंगलात दुसरा उपाय नसताना चाटणं ठीक असेल. इथे जखम निर्जंतुक खोलीत केलेली आणि कडेला कड जुळवून शिवलेली आहे. तिला लाळेकडून मिळण्यासारखं काही नाही, गमावण्यासारखं बरंच आहे.

कोन नाकाच्या टोकापेक्षा थोडा पुढे आलेला असावा. आखूड असेल तर कुत्रा मान वाकवून बरोबर जखमेपर्यंत पोचतो, मग तो असून नसून सारखा. गळ्यापाशी दोन बोटं सहज जातील इतका सैल ठेवा. जेवणाचं भांडं थोडं उंचावर, कोनात मावेल इतकं लहान घ्या. एक-दोन दिवसांत बहुतेक कुत्री कोनासकट वावरायला शिकतात, त्यातली काही तर गाढ झोपतातही. झोपेतला वेळ सुरक्षित समजून रात्री कोन काढू नका. सगळे झोपलेले असतात तेव्हाच कुत्र्याला निवांत चाटायला मिळतं.

मऊ, हवेने फुगवलेल्या कॉलरी मिळतात, पोट झाकणारे सदरेही मिळतात. अंगाने लांबट कुत्रा फुगीर कॉलर घालूनही पोटापर्यंत वळू शकतो, त्यामुळे ती घालून तो कुठवर पोचतो ते आधी समोर बसून पाहा. सदरा चांगला, पण तो लघवीने ओला होतो, आणि ओलं कापड जखमेवर बसलेलं कोनाच्या त्रासापेक्षा वाईट. रोज बदलायची तयारी असेल तरच वापरा. कापडावरून चाटायला लागला तर पुन्हा कोनच.

चौदा दिवस घरात: ही क्रूरता नाही का?

हा आक्षेप मला मनापासून समजतो. पण विश्रांती म्हणजे कोंडून ठेवणं नव्हे. धावणं, उडी आणि झटका एवढंच टाळायचं आहे. बाहेर न्यायचं ते आखूड पट्ट्यावर, पाच-दहा मिनिटं, शी-शूपुरतं. अंगणातही मोकळं सोडू नका, कारण एखादं मांजर दिसलं की निर्णय तुमच्या हातात राहत नाही. जिना टाळता येत नसेल तर उचलून न्या, पण पोटाखाली हात घालून नव्हे. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या मांड्यांमागून घ्या, म्हणजे पोटावर ताण येत नाही. कुत्रा मोठा असेल तर पट्टा आखूड धरून एकेक पायरी चढवा. सोफ्यावर चढण्याची सवय असेल तर सोफ्यावर खुर्च्या आडव्या टाकून ठेवा. दुसरा कुत्रा घरात असेल तर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. त्यांची मस्ती थोपवता येत नाही, आणि तो दुसरा याची जखम मोठ्या मायेने चाटत बसतो.

शरीराला विश्रांती असली तरी डोक्याला असू नये. कुत्र्याला सगळ्यात जास्त दमवतं ते नाक. रोजचं जेवण भांड्यात न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांत दडवून द्या, खोलीत दाणे दाणे ठेवून शोधायला लावा. चाटण्याचं, चघळण्याचं काम द्या, त्याने कुत्री शांत होतात. बसल्या जागी नवं काही शिकवायला हे दोन आठवडे फार चांगले. नाव घेतल्यावर डोळ्यांत बघणं, पंजा देणं, गुडघ्यावर हनुवटी टेकवून थांबणं, असं काहीही. वीस मिनिटं नाक आणि डोकं वापरलेला कुत्रा खरोखर थकून झोपतो.

एवढं करूनही तरुण, दांडगा कुत्रा भिंतीवर चढू पाहत असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. शांत ठेवणारी औषधं असतात आणि अशा वेळी ती देतातही. ती मागण्यात कमीपणा काही नाही.

नराचं ऑपरेशन तर किरकोळच ना?

छेद लहान आहे, पोट उघडलेलं नाही, हे खरं. म्हणूनच नराच्या बाबतीत लोक जास्त ढिले पडतात. रिकामी झालेली पिशवी सैल आणि पोकळ असते. कुत्रा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धावला आणि एखादी बारीक रक्तवाहिनी पुन्हा वाहू लागली, तर रक्ताला साठायला ती जागा तयारच असते. पिशवी जांभळी, टणक होते, कधी मूळच्या वृषणांपेक्षा मोठी फुगते. ती वाढ थांबली नाही तर कधीकधी दुसरं ऑपरेशन करावं लागतं. मोठ्या वयाच्या आणि मोठ्या चणीच्या नरांत हे जास्त दिसतं.

याउलट थोडीशी सूज आली की काही जणांना वाटतं, वृषणं काढलीच नाहीत. काढलेली असतात, रिकामी पिशवी काही दिवस सुजलेली राहते आणि मग आक्रसत जाते.

जखमेकडे बघायचं कसं

दिवसातून दोनदा बघा, आणि रोज एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढा. आजची लाली कालपेक्षा कमी की जास्त हे आठवणीवर सोडलं की फसायला होतं, फोटो शेजारी शेजारी ठेवले की लगेच दिसतं. शिवाय डॉक्टरांना फोनवर वर्णन करण्यापेक्षा ते फोटो दाखवणं सोपं पडतं.

छेदाच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या, फिकट गुलाबी, जराशा उंच. पहिल्या दिवशी गुलाबी पाण्याचे एक-दोन थेंब. आजूबाजूला थोडं काळंनिळं, हे चालतं. दर दिवशी हे कमी होत जायला हवं. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर लाली वाढत असेल, हात लावल्यावर गरम लागत असेल, पू किंवा वास येत असेल, कडा सुटून मधे फट दिसत असेल तर त्याच दिवशी दाखवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला अंग कोमट लागलं म्हणजे ताप असं समजू नका. 103 च्या वर गेलं तर मात्र फोन करा.

जखमेखाली मऊ, पाण्याने भरल्यासारखी, न दुखणारी गाठ आली तर बहुधा ते त्वचेखाली साठलेलं पाणी असतं. फार हालचाल झाली की थर एकमेकांवर घासतात आणि मधल्या पोकळीत पाणी साठतं. विश्रांतीने ते आपोआप जिरतं. पण पोटाची आतली शिवण सुटून काही बाहेर डोकावतंय का, हे फक्त डॉक्टर हात लावून सांगू शकतात, म्हणून प्रत्येक नवी गाठ दाखवायचीच. दाबून मात्र पाहू नका.

जखमेला काहीही लावू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, जंतुनाशक द्रव, मलम, पावडर, घरगुती लेप, यातलं काहीही नको. पेरॉक्साइड आणि स्पिरिटने जंतूंबरोबर जखम विणणाऱ्या नव्या पेशीही मरतात. ती कोरडी ठेवणं, एवढीच तिची गरज आहे.

रडत नाही म्हणजे दुखत नाही?

कुत्री वेदना लपवतात. ओरडणारा कुत्रा क्वचित. दुखत असेल तर तो कोपऱ्यात जातो, एका जागी टेकत नाही, उठतो-बसतो, पाठीला कुबड काढून चालतो, गारव्यातही धापा टाकतो, ओठ चाटत राहतो, पोटाकडे वळून बघतो. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक औषधं म्हणून ठरलेल्या दिवसांपर्यंत वेळेवर द्या. आज बरा दिसतोय तर आजची गोळी वाचवू, हा हिशेब चुकतो, कारण बरा दिसतोय तो त्या गोळीमुळेच.

या औषधांत मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन ही नेहमीची नावं. ती जेवणासोबत द्यावीत, आणि उलट्या, जुलाब, काळी शी किंवा खाणं बंद असं काही दिसलं तर थांबवून फोन करावा. आणि घरातल्या माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलचा डोस चुकला तर यकृतावर बेततं.

सकाळची वाट पाहू नये असं काय

मादीच्या ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन दिवसांत आत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा का होईना असतो, आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. त्याची खूण हिरड्यांवर सापडते. ऑपरेशनच्या आधीच कधीतरी कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्यांचा रंग बघून ठेवा. बोटाने हिरडी दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या फिकट, पांढुरक्या पडल्या, गुलाबीपणा परतायला वेळ लागतोय, पोट फुगतंय, श्वास जलद आहे, हाक मारली तरी उठत नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी जरा ओढून आतला रंग बघावा.

टाके उसवून जखमेतून मांस किंवा आतडं बाहेर दिसलं तर ते आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडाने झाका, तो चाटणार नाही असं धरा आणि जवळचा जो दवाखाना उघडा असेल तिथे जा.

टाके निघाल्यानंतर

निर्बीजीकरणानंतर शरीराची उष्मांकांची गरज साधारण 20 ते 30 टक्क्यांनी उतरते आणि भूक उलट वाढते. लठ्ठपणा ऑपरेशनमुळे येतो असं लोक म्हणतात, पण तो येतो भांड्यातून. टाके निघाले की जेवण मोजून द्यायला लागा आणि दर महिन्याला वजन करा. हाताला बरगड्या सहज लागायला हव्यात.

नर लगेच निर्बीज होत नाही. नलिकांमध्ये आधीचे शुक्राणू काही आठवडे शिल्लक असतात, म्हणून माजावर आलेल्या मादीपासून त्याला महिना-दीड महिना तरी दूर ठेवा. स्वभाव बदलेल का, हे जवळजवळ सगळेच विचारतात. मादीच्या शोधात भटकणं आणि जागोजागी टांग वर करणं बऱ्याच नरांत कमी होतं, तेही काही आठवड्यांनी. भित्रेपणा, अनोळखी माणसांवर भुंकणं हे काही ऑपरेशनने जात नाही, आणि खेळकरपणा, तुमच्यावरचा जीव, यात फरक पडत नाही. माज संपून महिना-दोन महिने झाले असताना मादीचं ऑपरेशन झालं असेल, तर काही दिवसांनी तिला दूध येणं, खेळणी पिल्लांसारखी जवळ घेऊन बसणं, असं दिसू शकतं. संप्रेरकं एकदम उतरल्यामुळे ते होतं आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. दूध आहे म्हणून पिळू नका, त्याने ते वाढतंच.

आणि पोटावर, जखमेच्या शेजारी हिरवी किंवा निळी बारीक रेघ दिसली तर ती शाईचा डाग समजून घासू नका. काही डॉक्टर मुद्दाम गोंदतात. ती आयुष्यभर राहते. उद्या ही कुत्री हरवून एखाद्या अनोळखी डॉक्टरांच्या टेबलावर पोचली, तर तिचं पोट पुन्हा उघडून बघायची गरज नाही हे त्या रेघेवरून त्यांना कळतं.